हिटर घेण्याआधी भिंतीकडे बघा

नागपूरला बदली झाल्याचं कळलं तेव्हा रत्नागिरीकडच्या झाडून सगळ्या नातेवाइकांनी एकच विचारलं, "उन्हाळा सोसेल का गं?" थंडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मग डिसेंबरातल्या एका पहाटे साडेपाचला मी तळमजल्यावरच्या भाड्याच्या घरात शहाबादी फरशीवर पाय टेकला आणि तसाच उचलून परत रजईत घेतला.

समुद्र इथून लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते. दुपारी २८ अंशांत स्वेटर काढून हातावर घ्यायचा आणि पहाटे १०-१२ अंशांत दात वाजवायचे, असे इथले डिसेंबर-जानेवारी. २९ डिसेंबर २०१८ ला तर पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. त्यातून इथली जुनी घरं बांधलेली असतात ती ४५ अंशांच्या मे महिन्यासाठी. उंच छत, वर व्हेंटिलेटर, पायाखाली थंडगार फरशी. उन्हाळ्यातली सगळी सोय हिवाळ्यात अंगावर येते.

ज्यांनी आजवर घरात हिटर वापरलेलाच नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. हिटर म्हणजे घरातलं बहुधा सगळ्यात साधं यंत्र. तारेतून वीज जाते, तार तापते, संपलं. त्यात बिघडण्यासारखं फार थोडं असतं. घोटाळा होतो तो त्याच्या पिनेपासून मीटरपर्यंतच्या वाटेत. म्हणून दुकानात जाण्याआधी घरातल्या भिंतीकडे बघा.

आधी कूलरची खिडकी

नागपुरात कूलर खिडकीतच बसवलेला असतो आणि बरेच जण तो वर्षभर तिथून हलवत नाहीत. मीही हलवत नव्हते. त्या वाळलेल्या गवताच्या जाळ्यांतून रात्रभर गार वारा आत येतो. हिटर लावून ती खिडकी उघडी ठेवणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. शक्य असेल तर कूलर उतरवून खिडकी लावून घ्या. उतरवता येत नसेल तर बाहेरून मेणकापड घट्ट बांधा आणि आतून पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा बसवा. थर्माकोल लावू नका, तो लवकर पेटतो आणि हिटर त्याच खोलीत असणार आहे. दाराखालच्या फटीला जुन्या चादरीची गुंडाळी पुरते. व्हेंटिलेटर मात्र एखादा थोडा उघडा राहू द्या. बंद खोलीत दोन-तीन माणसं झोपली की सकाळी डोकं जड होतं, त्याला हिटर नाही, कोंदट हवा कारण असते.

एवढं केल्यावर दोन रात्री काढून बघा. अनेक घरांत हिटरची गरज निम्मी होते, काहींत उरतच नाही.

भिंतीतला पॉइंट

पहिल्या वर्षी मी २००० वॅटचा ब्लोअर हिटर आणला. त्याची पिन जाड होती, खोलीतल्या सॉकेटमध्ये बसेना. कोपऱ्यावरच्या दुकानातून जाड पिनेचं बारीक पिनेत रूपांतर करणारा तो छोटा ठोकळा आणला, लावला आणि बसले शेकत. चौथ्या दिवशी प्लास्टिक जळल्याचा वास आला. बटण बंद करून पिन ओढली तर निघेना. सॉकेट वितळून पिनेला चिकटलं होतं.

घरमालकीण काकूंनी त्यांच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने सॉकेट उघडलं, काळी पडलेली तार दाखवली आणि म्हणाला, "ताई, हा पॉइंट कूलरचा आहे. कूलर खाते दोनशे वॅट, तुमचा हिटर खाते दोन हजार. एका पॉइंटवर दहा कूलर लावून राहिले ना तुम्ही!"

हिटरबद्दल मला जे काही कळतं, ते सगळं त्या एका वाक्यातून सुरू झालं. हिशोब सोपा आहे. हिटरवर लिहिलेले वॅट भागिले २३० म्हणजे त्याला लागणारे अँपियर. १००० वॅटला साधारण ४.३, २००० वॅटला ८.७, मोठ्या २९०० वॅटच्या ऑइल हिटरला १२.६. घरातलं साधं, बारीक भोकांचं सॉकेट ६ अँपियरचं असतं. त्यातून फार तर १३८० वॅट जाऊ शकतात, तेही सॉकेट नवंकोरं आणि घट्ट असेल तर. २००० वॅटला १६ अँपियरचा, मोठ्या भोकांचा पॉवर पॉइंटच लागतो. जुने लोक त्याला अजून 'पंधरा अँपियरचा' म्हणतात.

पण नुसती भोकं मोठी असून भागत नाही. पुष्कळ घरांत सॉकेट मोठं बसवलेलं असतं आणि मागून तार येते ती दिव्याची. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून एकदा इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट उघडून घ्यावं. त्याला नेमकं काय विचारायचं ते माहीत असलं की काम दहा मिनिटांचं. तार तांब्याची आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची आहे का? ती लाइन थेट बोर्डातल्या एमसीबीवरून (भार वाढला की आपोआप पडून वीज तोडणाऱ्या कळीवरून) आली आहे की वाटेत दुसऱ्या पॉइंटला जोडलेली आहे? त्या लाइनची एमसीबी तारेला साजेशी आहे का? तार बारीक आणि एमसीबी मोठी असेल तर तार जळेल, एमसीबी ढिम्म बसून राहील. "एमसीबी सारखी पडते, मोठी टाकून देतो" असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि दुसऱ्याला बोलवा.

अर्थिंगही तपासून घ्या. जुन्या घरांत वरचं तिसरं भोक कधी कधी नुसतं शोभेचं असतं, त्यामागे तारच नसते. ऑइल हिटरचं किंवा रॉड हिटरचं अंग पत्र्याचं असतं. आतली तार सुटून पत्र्याला टेकली तर अर्थिंग आहे म्हणून एमसीबी पडते. अर्थिंग नसेल तर तुम्ही पडता. बोर्डात ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारी कळ) असेल तर उत्तम. तिच्यावर एक 'टेस्ट' बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबल्यावर ती पडली पाहिजे. नाही पडली तर ती निव्वळ भिंतीवरची सजावट आहे, बदला.

एक्स्टेन्शन बोर्डावर हिटर लावू नका. संगणकासाठी घेतलेला, चार भोकांचा, त्यात मोबाइल चार्जर आणि टीव्हीही लावलेला बोर्ड तर अजिबातच नको. तार गुंडाळलेली असेल तर ती आतल्या आत तापत राहते. हिटरची वायर पॉइंटपर्यंत पोचत नसेल तर पॉइंट हलवा, नाहीतर पलंग हलवा.

कोणता घ्यावा

सीताबर्डीत किंवा इतवारीत नोव्हेंबरपासून दुकानांबाहेर हिटर मांडलेले दिसतात. विकणारा तुम्हाला 'हा वीज कमी खातो' असं हमखास सांगेल. विजेने तार तापवून ऊब देणारा कुठलाही हिटर असो, एक युनिट विजेची ऊब तेवढीच मिळते. १००० वॅटचा रॉड हिटर एक तास चालला की एक युनिट, आणि १००० वॅटवर ठेवलेला ऑइल हिटर एक तास सलग तापत राहिला तरी एकच युनिट. फरक असतो तो ऊब कुठे जाते याचा.

रॉडचे हिटर (क्वार्ट्झ, हॅलोजन, कार्बन) उन्हासारखे काम करतात. हवा तापवत नाहीत, समोरच्या अंगाला थेट शेक देतात. बटण दाबताच ऊब, बंद करताच गार. नागपूरच्या उंच छतांना हे मानवतात, कारण तापलेली हवा वर व्हेंटिलेटरकडे पळून जाण्याचा प्रश्न येत नाही. ४००-४०० वॅटच्या दोन नळ्यांचा, एकूण ८०० वॅटचा हिटर एका माणसाला टेबलाशी बसून वाचायला भरपूर होतो. स्वतंत्र खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना मी डोळे मिटून हाच सांगते, कारण तो साध्या पॉइंटवरही चालू शकतो. अर्थात पॉइंट धड असेल तर.

ब्लोअर म्हणजे पंख्याचा हिटर. छोटी, दार लावलेली खोली पंधरा मिनिटांत उबदार करतो, पण घरघर करतो आणि धूळ उडवतो. १० बाय १२ च्या बंद खोलीला १००० ते १५०० वॅट पुरतात. २००० चं बटण पहिली दहा मिनिटं वापरायचं.

ऑइल हिटर महाग, वजनदार आणि मंद. तापायला वीस मिनिटं घेतो, पण बंद केल्यावरही बराच वेळ ऊब देत राहतो. आवाज नाही, लाल डोळा नाही, वारा नाही. घरात तान्हं मूल किंवा वयस्क माणूस असेल आणि खोली तासन् तास उबदार ठेवायची असेल तर हाच. ९, ११, १३ असे त्याचे पंख असतात. पंख वाढले की ऊब पसरायला जागा वाढते आणि सहसा वॅटही वाढतात. आतलं तेल कायमचं बंद असतं, ते बदलावं किंवा भरावं लागत नाही. माझ्या एका शेजारणीने 'तेल किती किलोमीटरला बदलायचं' असं दुकानदाराला विचारलं होतं, आणि त्यानेही गंभीरपणे 'दोन वर्षांनी' असं सांगितलं होतं!

उघड्या कॉइलचा, चिनी मातीच्या ठोकळ्यावर तार गुंडाळलेला जुना हिटर घरात असेल तर तो शेकायला वापरू नका. त्या लाल तारेत थेट वीज असते.

घरात नवा एसी घ्यायचाच असेल तर हॉट अँड कोल्ड प्रकारचा बघा. तो वीज जाळून ऊब करत नाही, बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढून आणतो. त्यामुळे एका युनिटमध्ये साधारण तिप्पट ऊब मिळते. नागपुरात एसी तसाही घ्यावा लागतोच.

खोक्यावर आणि हिटरच्या अंगावरही आयएसआय खूण हवी. रूम हिटरचं भारतीय मानक आयएस ३०२ च्या दुसऱ्या भागातलं, कलम ३० चं आहे. खुणेसोबत छापलेला परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव दिसतं. ते नाव आणि खोक्यावरचं नाव जुळत नसेल तर दुकानातून तसेच बाहेर पडा. शिवाय दोन सोयी बघून घ्या. हिटर आडवा झाला की आपोआप बंद होणारं बटण, आणि जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउट. पहिली सोय दुकानातच हिटर चालू करून, कलंडवून दाखवायला सांगा.

ठेवायची जागा

चारी बाजूंनी तीन फूट मोकळे. पडदा, गादी, रजई, वर्तमानपत्रं, सोफा. नागपूरकरांनी यात मच्छरदाणी जोडायची, कारण इथे थंडीतही डास असतात आणि नायलॉनच्या मच्छरदाणीला आग लागायला ठिणगीही लागत नाही. हिटर जमिनीवर, सपाट. टीपॉयवर किंवा खुर्चीवर नाही. भिंतीवरच्या सॉकेटच्या बरोबर खाली नको, वर जाणारी ऊब सॉकेटला तापवते. वायर सतरंजीखालून नेऊ नका. ओढणी, शालीचा पदर, लहान मुलांच्या हातातली स्टीलची काठी किंवा चमचा यांवर नजर ठेवा.

न्हाणीघरात हिटर न्यायचा नाही. बाळाच्या अंघोळीसाठी नेतात, मला माहीत आहे. त्याऐवजी शेजारची खोली आधी गरम करा आणि बाळाला तिथे आणून पुसा.

हिटरवर कपडे वाळत घालायचा मोह पहिल्या धुक्याच्या आठवड्यात होतोच. मोजे सुद्धा नको. वरून झाकलेला हिटर स्वतःच्याच उबेत भाजतो.

चालू कसा करायचा, बंद कसा करायचा

नवा हिटर पहिल्यांदा लावाल तेव्हा खिडकी उघडी ठेवून पंधरा-वीस मिनिटं चालवा. कारखान्यातलं तेल आणि धूळ जळून थोडा वास आणि कधी किंचित धूर येतो. दर हिवाळ्यात पहिल्या दिवशीही असंच करा. ऑइल हिटर गाडीत आडवा ठेवून आणला असेल तर लगेच लावू नका, तास-दीड तास उभा राहू द्या, तेल खाली बसू द्या.

रोजचा क्रम असा. हिटरची बटणं शून्यावर, भिंतीतलं बटण बंद. पिन पूर्ण आत, डुगडुगत नाही ना ते बघा. मग भिंतीतलं बटण, मग हिटरचं. ब्लोअर असेल तर आधी नुसता पंखा, मग कमी ऊब, मग जास्त. बंद करताना उलटं. आधी ऊब बंद, मिनिटभर पंखा चालू ठेवून आतली कॉइल गार होऊ द्यायची, मग पंखा, मग भिंतीतलं बटण. पिन हाताने धरून काढा, वायर ओढून नाही. आणि काढाच, नुसतं बटण बंद करून सोडू नका.

थर्मोस्टॅटची चकती फिरवण्याबाबत नव्या माणसाचा एक ठरलेला गैरसमज असतो. ती पूर्ण फिरवली की खोली लवकर तापते असं वाटतं. तसं होत नाही. हिटर आपल्याच वेगाने तापवतो, चकती फक्त कुठे थांबायचं ते सांगते. म्हणून सुरुवातीला पूर्ण फिरवा, खोली हवी तेवढी उबदार झाली की 'टक' आवाज येईपर्यंत हळूहळू मागे आणा आणि तिथेच सोडा. आता तो स्वतःच चालू-बंद होत राहील. पेनाने तिथे खूण करून ठेवली तर पुढे रोज शोधावं लागत नाही.

पहिल्या आठवड्यात एक परीक्षा घ्या. अर्धा तास पूर्ण ताकदीवर चालवा, भिंतीतलं बटण बंद करा, पिन काढा आणि लगेच पिनेला हात लावा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल किंवा पिनेवर तपकिरी-काळा डाग दिसत असेल तर सॉकेट सैल आहे. हिटर कितीही चांगला असो, त्या पॉइंटवर पुन्हा लावायचा नाही. सैल जागी विजेला अडथळा होतो, अडथळ्याच्या जागी ऊब तयार होते, उबेने पितळी पट्टी आणखी सैल होते. माझं सॉकेट याच फेऱ्यात वितळलं होतं. ही परीक्षा मी अजून दर डिसेंबरात घेते.

झोपताना काय? माझं मत कडक आहे, रॉडचा किंवा ब्लोअर हिटर लावून झोपायचं नाही. झोपण्याआधी तासभर खोली आणि अंथरूण गरम करा, हिटर बंद करून पिन काढा आणि रजईत शिरा. इथली पहाट थंड असली तरी चांगल्या रजईच्या आवाक्यातली असते. घरात आजारी किंवा वयस्क माणूस असेल आणि रात्रभर ऊब लागतच असेल, तर ऑइल हिटर, कमी वॅटवर, थर्मोस्टॅट लावून, तीन फूट मोकळे आणि पॉइंट तपासलेला.

मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी हिटरसमोर पाय पसरून बसू नये. भाजल्याचं कळतच नाही. धडधाकट माणसानेही रोज फार जवळून शेक घेतला तर नडग्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. त्वचा तर इथे हिटरशिवायही फुटते. माझी आई दर दिवाळीला रत्नागिरीहून भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा, गोळा पाठवते, टाचांना आणि ओठांना त्याच्यापुढे दुसरं काही नाही.

आणखी एक. 'हिटर खोलीतला प्राणवायू खातो' हे विजेच्या हिटरला लागू नाही, तो काही जाळत नाही. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत ठेवून झोपणं जिवावरचं आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. वीज गेली म्हणून रात्री शेगडी आत आणणारी घरं मी पाहिली आहेत. आणू नका.

बिल

२००० वॅट रोज चार तास पूर्ण चालले तर महिन्याला २४० युनिट. ८०० वॅट रोज दीड तास म्हणजे ३६. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. त्यामुळे एरवी ९० युनिट वापरणारं घर हिटरमुळे ३३० वर गेलं की प्रत्येक नवं युनिट वरच्या टप्प्याच्या दराने मोजलं जातं. बिल दुप्पट होईल असा अंदाज बांधणाऱ्याला धक्का बसतो तो इथेच.

सकाळी गिझर, हिटर आणि इस्त्री एकाच वेळी लावू नका. २००० अधिक २००० अधिक १००० वॅट म्हणजे जवळपास २२ अँपियर. तेवढ्यात कुणी इंडक्शनवर चहा ठेवला की बोर्ड कुरकुरतो. आणि सकाळी सगळ्या वस्तीत गिझर चालू असताना हिटर मंद वाटला तर तो बिघडलेला नसतो. व्होल्टेज २३० वरून २०० वर आलं तरी २००० वॅटचा हिटर जेमतेम १५०० वॅटची ऊब देतो.

निगा

हिटरला वर्षातून दोनदा नीट हात लावला की पुरे. पहिली वेळ दिवाळीच्या साफसफाईत. पिन काढलेली असताना, पूर्ण गार असताना, मऊ ब्रशने जाळीतली धूळ झाडायची. रॉडच्या मागचा चकचकीत पत्रा कोरड्या मऊ कापडाने पुसायचा. तो काळवंडला की निम्मा शेक मागच्या बाजूलाच राहतो. क्वार्ट्झ-हॅलोजनच्या नळीला उघडं बोट लावू नका, बोटाचं तेल लागलेल्या जागी नळी जास्त तापून तडकते. लागलंच तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्या. ब्लोअरच्या मागे फिल्टरची जाळी असेल तर ती काढून झटका. आत मेलेली पाल किंवा झुरळ निघणं ही नागपुरात नवलाची गोष्ट नाही. पाणी कुठेही वापरायचं नाही, ओलं फडकंसुद्धा नाही.

मग वायर बोटांनी पूर्ण लांबीभर चाचपून बघा. कडक झालेली, चिरलेली, कुठे फुगलेली जागा असेल तर पूर्ण वायर बदला, टेप गुंडाळू नका. बदलताना तितक्याच जाडीची, तीन कोरची घ्या. पिन उघडता येण्यासारखी असेल तर आतले तिन्ही स्क्रू घट्ट करा. हिरवी-पिवळी तार अर्थिंगची, वरच्या जाड पिनेला.

बिघडला तर

चालूच होत नसेल तर आधी त्याच पॉइंटवर इस्त्री लावून बघा. ती चालली तर हिटर सपाट जागी आहे का, थर्मोस्टॅट शून्यावर तर नाही ना, ते बघा. जास्त तापून कटआउट पडला असेल तर पिन काढून अर्धा तास गार होऊ द्या. पुन्हा लावल्यावर पुन्हा पडत असेल तर जाळी धुळीने भरली आहे, हवेचा रस्ता अडला आहे किंवा पंखा मंद फिरतो आहे.

लावताक्षणी एमसीबी पडते, तर हिटरमध्ये किंवा वायरमध्ये शॉर्ट आहे. दहा-वीस मिनिटांनी पडते, तर लाइनवर भार जास्त आहे. आरसीसीबी पडते, तर वीज कुठून तरी गळते आहे. गंजलेल्या किंवा पावसाळ्यात दमट झालेल्या हिटरमध्ये हे होतं. अंगाला झिणझिण्या जाणवल्या तर त्याच क्षणी भिंतीतलं बटण बंद, आणि हिटर दुरुस्तीला. ऑइल हिटर तापताना 'टिक टिक' वाजतो ते पत्रा प्रसरण पावल्याने, घाबरू नका. तेलाचा ओघळ दिसला तर मात्र तो भंगारात.

मल्टिमीटर हाताळता येत असेल तर पिन काढून, हिटरचं बटण आणि थर्मोस्टॅट पूर्ण चालू ठेवून खालच्या दोन पिनांमधला रोध मोजा. २००० वॅटला साधारण २६ ओहम, १००० वॅटला ५३. काहीच आकडा येत नसेल तर कॉइल किंवा थर्मल फ्यूज गेला.

दुरुस्तीच्या दुकानात एक वाक्य ऐकू येईल: "कटआउट गेला ताई, डायरेक्ट करून देऊ का?" म्हणजे तो सुरक्षेचा तुकडा काढून तार सरळ जोडायची. हिटर लगेच चालू होतो, पैसे कमी लागतात, आणि पुढच्या वेळी जास्त तापला की त्याला थांबवणारं काही उरत नाही. नाही म्हणा. तुटलेली कॉइल पीळ देऊन जोडणंही तसंच, जोडाची जागा इतर तारेपेक्षा जास्त तापते आणि आठवड्याभरात पुन्हा तुटते. पूर्ण एलिमेंट बदलून घ्या.

आग लागलीच तर पाणी ओतू नका. भिंतीतल्या बटणापर्यंत हात पोचत नसेल तर मेन बंद करा, खोलीचं दार लावून बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा. मीटरपाशी किंवा खांबावर ठिणग्या उडत असतील तर महावितरणचा १९१२.

ठेवून देताना

महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते असं इथे म्हणतात, पण नागपुरात ती बहुधा संक्रांतीच्या पतंगांनंतर दोन-तीन आठवड्यांतच पाय काढते. तेव्हा हिटर पुन्हा झटकून, वायर सैल वेटोळ्यात गुंडाळून, खोक्यात उभा ठेवून सज्ज्यावर टाका. कूलरच्या टाकीशेजारी किंवा न्हाणीघराच्या माळ्यावर नको, चार महिन्यांच्या पावसात तिथे ओल धरते. खोक्यावर वॅट आणि 'फक्त हॉलच्या पॉवर पॉइंटवर' असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात खोकं तुम्हीच उघडाल असं नाही.

मार्चमध्ये कूलरचं गवत बदलायला आणि मोटर बसवायला इलेक्ट्रिशियन येईलच. तेव्हा हिटरच्या पॉइंटचे स्क्रू त्याच्याकडूनच आवळून घ्या. नोव्हेंबरात तो तुम्हाला भेटणार नाही, सगळ्या शहराचे गिझर तेव्हाच बिघडलेले असतात.